एकोणतीस तारखेची खाच

तीन दिवस वारा सुटला होता. दुकानांच्या पाट्या खडखडवणारा, वाळत घातलेले कपडे शेजाऱ्याच्या गच्चीत नेऊन टाकणारा, तोंड उघडलं की दातांत माती कचकचवणारा वारा. अशा दिवसांत चिरंजीव दुकानाचं शटर अर्धंच वर करायची, वाकून आत शिरायची आणि आधी फरशीवर पाणी शिंपडायची. ओल्या फरशीवर धूळ बसते, बसलेली धूळ उडत नाही, आणि न उडालेली धूळ घड्याळात जात नाही. एवढं गणित तिच्या वडिलांनी तिला अ-आ-इ शिकवायच्या आधी शिकवलं होतं.

चिरंजीव हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. दुकानाच्या पाटीवर वडिलांनी हौसेनं रंगवून घेतलं होतं, 'घड्याळे दुरुस्त करून मिळतील, मालक व चिरंजीव'. तेव्हाचा चिरंजीव म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याला दोन महिन्यांत चिमट्याचा कंटाळा आला आणि तो पंखे विकायला गेला तो गेलाच. त्याच्या रिकाम्या स्टुलावर ही सहज म्हणून बसली, त्याला आता चौतीस वर्षं झाली. पाटी तीच राहिली, स्टूल तेच राहिलं, आणि गल्लीनं हिलाच चिरंजीव करून टाकलं. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी पोस्टमन अजून म्हणतो, "चिरंजीव, इथं सही करा."

त्या सोमवारी टेबलावर नेहमीचीच वरात होती. एका गजराच्या घड्याळाचा गजर वाजायचा थांबत नव्हता, एकाचा वाजतच नव्हता. एका पोरगेल्या मनगटासाठी पट्ट्याला दोन भोकं जास्त पाडायची होती. आणि बेकरीचं भिंतीवरचं घड्याळ आलं होतं, जे दर सहा महिन्यांनी मैद्यानं गच्च भरून यायचं. उघडलं की आतून शिंक येईल इतकं पीठ. चिरंजीवनं ते उघडून वर्तमानपत्रावर मांडलं, ब्रश हातात घेतला, तेवढ्यात अर्ध्या शटरखालून चीफची मुलगी वाकून आत आली.

चीफ म्हणजे बोटीवरचे निवृत्त मुख्य इंजिनियर. बोट सोडून वीस वर्षं झाली, पण चीफ हा शब्द त्यांना चिकटून राहिला. वय एक्याऐंशी. त्यांची मुलगी गल्लीच्या टोकाला झेरॉक्सचं दुकान चालवायची. चिरंजीवपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. एरवी बडबडी बाई, पण आज गप्पांना थांबली नाही. तिनं पदराच्या टोकाला बांधलेली पुरचुंडी सोडली आणि टेबलावर घड्याळ ठेवलं.

चिरंजीवनं ब्रश खाली ठेवला.

हे घड्याळ तिला लांबून पाठ होतं. चीफ रस्त्यानं जाताना बाहीतून डोकावायचं. वार, तारीख, महिना, आणि खाली बोटभर आकाशात चंद्र. छत्तीस वर्षांपूर्वी कुठल्याशा बंदरात वर्षभराच्या पगारात घेतलेलं. बाकीच्या घड्याळांना महिना तीसचा की एकतीसचा ते कळत नाही, पहिल्या तारखेला माणसाला पुढे करावं लागतं. ह्याला कळायचं. फेब्रुवारीसुद्धा कळायचा. आणि चार वर्षांनी येणारी एकोणतीस तारीखही. तिच्या वडिलांनी आयुष्यभर वाट पाहिली की हे घड्याळ कधीतरी बिघडेल आणि आपल्या टेबलावर येईल. चीफ दुकानासमोरून जाताना म्हणायचे, "मालक, माझं घड्याळ बिघडत नाही हो." वडील हसायचे, आणि ते गेले की तिला सांगायचे, "आत चार चाकं असणार बघ. वर्षाला एक. बदलून बदलून येत असतील." आतलं न पाहताच वडील गेले.

"ताई, मी मेले," चीफची मुलगी म्हणाली.

"मेलेली माणसं शटरखालून वाकून येत नाहीत. बस. काय झालं सांग."

झालं होतं असं. चीफ बाथरूममध्ये घसरले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. पंचवीस दिवस इस्पितळात. घड्याळ घरी कपाटात राहिलं आणि दोन दिवसांत चावी संपून बंद पडलं. आता शुक्रवारी, चौदा नोव्हेंबरला, त्यांना घरी सोडणार होते. मुलीला वाटलं, आल्या आल्या बाबांना घड्याळ चालू मिळावं. त्या घड्याळाला हात लावायची तिला जन्मभर बंदी. लहानपणी एकदा नुसतं कानाला लावलं होतं तर दोन दिवस अबोला सोसला होता. पण आता म्हातारा माणूस हाडं जोडून घरी येतोय, तर निदान एवढं करावं.

"बाजूला बारीक बटण आहे, टाचणीच्या डोक्याएवढं. ते दाबलं की तारीख पुढे जाते. मी दाबत गेले. मोजताना चुकले, तारीख पुढे निघून गेली. म्हटलं काय झालं, एकतीसपर्यंत नेऊ, फिरून परत येईल. माझ्या घड्याळात तसंच करते मी."

"आणि इथं महिनाही पुढे गेला."

"डिसेंबर आला. म्हटलं अजून एक फेरी मारू. तर जानेवारी. मग मी घाबरून जोरात दाबलं तर ते बटण आतच बसलं. ताई, बाबांनी आयुष्यात माझ्यावर एकच गोष्ट सोपवली नाही, आणि ती मी त्यांच्या पाठीमागे मोडली. घरात पाऊल टाकलं की पहिलं मनगट पुढे करतील. मी काय बांधू त्यावर?"

चिरंजीवनं डोळ्याला भिंग लावलं. घड्याळ एकोणीस जानेवारीवर उभं होतं. काटे साडेअकरावर.

"हे साडेअकरा रात्रीचे ना गं?"

"मला काय माहीत? बंद पडलं तेव्हा तिथं होते."

"रात्रीचेच असणार. रात्री नऊ ते पहाटे तीन ह्या घड्याळाला आत काम असतं. तारीख बदलायची तयारी चाललेली असते. त्या वेळात बटण दाबलं म्हणजे शिंपी कापड कापत असताना त्याचा हात ओढण्यासारखं."

"तुम्हाला उघडता येईल ना?"

चिरंजीव खरं बोलणारी बाई. "असलं मी कधी उघडलेलं नाही. मोडलं तर ह्या गल्लीत काय, कुठंच ते जोडणारं मला माहीत नाही. पण तू म्हणत असशील तर बघते."

चीफच्या मुलीनं घड्याळ बोटानं टेबलावर पुढे सरकवलं. मग म्हणाली, "बघा."

मंगळवारी वारा थोडा कमी झाला. चिरंजीवनं फरशी दोनदा ओली केली, शटर पूर्ण खाली घेतलं, दिवा लावला आणि काटे उचलून तबकडी काढली.

आत पाहिलं आणि तिचा श्वास भिंगाला लागला. भिंग धुकटलं. पुसून परत लावलं.

चौतीस वर्षांत तिनं किती घड्याळं उघडली असतील ह्याचा हिशोब तिनं ठेवला नव्हता, पण वेळ चालवणारी चाकं तिला झोपेतही ओळखू आली असती. ही ती नव्हती. ही वेगळीच वस्ती होती. तारखेची चकती, महिन्यांची चकती, चंद्राचं निळं ताट, आणि ह्या सगळ्यांच्या मधून वाकडातिकडा जाणारा एक मोठा दांडा, बसक्या बगळ्यासारखा. त्याला पुढे चोच. ती चोच एका चाकाच्या कडेवर टेकलेली. दांड्याला मागून दाबून धरणारी केसाएवढी स्प्रिंग तिच्या खुंटीवरून निसटून बाजूला पडली होती. तेवढंच बिघडलं होतं. बटण त्यामुळेच अडकलं होतं. चिरंजीवनं चिमट्यानं स्प्रिंगचं टोक उचललं, दोनदा हातातून सुटलं, तिसऱ्यांदा खुंटीमागे बसलं. बटण टप्पदिशी वर आलं.

इथं काम थांबवायला हरकत नव्हती. पण तिची नजर त्या कडेच्या चाकावर अडकली.

चाकाला दाते नव्हते. कड होती, आणि कडेला खाचा. काही उथळ, काही खोल. तिनं मोजल्या. उथळ सोळा, खोल चार. ह्या वीस खाचा, त्यांच्यामध्ये सपाट जागा. खाचा दिसायला वेड्यावाकड्या, पण पुन्हा पुन्हा तशाच येणाऱ्या. चार खोल खाचांपैकी एक मात्र बाकी तिघींपेक्षा किंचित कमी खोल. नखाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शानं.

तिला वाटलं, तळाला मळ बसला असेल. काडीला टोक काढून खरवडलं. मळ नव्हता. मग वाटलं, बनवणाऱ्याचा हात चुकला. होतं असं. मोठ्या नावाची माणसंही सकाळी भांडून कामावर येत असतील. तिनं सवयीनं बारीक कानस उचलली. दोन हलके हात फिरवले की चारही सारख्या झाल्या असत्या.

वडिलांची एक शिस्त होती. धातूला धातू लावायच्या आधी मोजायचं, आणि मोजून झालं की पुन्हा मोजायचं. तिनं कानस तशीच धरून डावी मूठ चाकाशेजारी टेबलावर ठेवली, नुसती टेकायला म्हणून. आणि मुठीकडे लक्ष गेलं.

लहानपणी शाळेत सगळेच शिकतात तसं. मुठीचे उंचवटे आणि मधले खड्डे. उंचवटा जानेवारी, एकतीस. खड्डा फेब्रुवारी. उंचवटा मार्च. खड्डा एप्रिल. शेवटच्या उंचवट्यावर जुलै, मग परत पहिल्यावर ऑगस्ट, म्हणून एकतीसचे दोन महिने लागोपाठ.

तिनं चाकाकडे पाहिलं. कडेवर सपाट, खोल खाच, सपाट, उथळ खाच, सपाट, उथळ खाच, मग एक लांब सपाट. जुलै आणि ऑगस्ट.

ही मूठ होती. चार मुठी एकीला एक जोडून गोल केलेल्या. बारा चोक अठ्ठेचाळीस महिने. वडील म्हणत होते तशी चार चाकं नव्हतीच. एकच चाक होतं, चार वर्षांत एक फेरा घेणारं. दर मध्यरात्री तो बगळा चोचीनं चाचपून बघायचा की आज महिना कुठला. चोच कडेवरच राहिली तर एकतीस. उथळ खाचेत उतरली तर तीस. खोल उतरली तर अठ्ठावीस. आणि ती चौथी, किंचित कमी खोल, कारागिराची चूक वाटलेली?

ती एकोणतीस होती.

चिरंजीवनं कानस खाली ठेवली. मग उचलून खणात टाकली आणि खण लावून घेतला. आपल्या हातून दोन हलके फटकारे बसले असते तर चार वर्षांतला तो एक दिवस ह्या घड्याळातून कायमचा पुसला गेला असता, आणि कुणाला कळलंही नसतं कधी पुसला ते.

ती पुन्हा चाकावर वाकली. कुणीतरी, कुठल्यातरी खोलीत, तिच्यासारख्याच स्टुलावर बसून, महिने इतके नीट समजून घेतले होते की ते पितळात कापता आले. एक दिवस म्हणजे धातूचा एवढासा कण, जो मुद्दाम राहू दिला. तिला वडिलांची आठवण झाली. त्यांनी हे बघितलं असतं तर जेवण विसरले असते.

बुधवारी रात्री तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा बसवर कंडक्टर होता, गेल्या साली निवृत्त झाला. अजूनही पायरीवर चढताना आधी डावीकडे उजवीकडे बघायचा.

"मग आता ते चाक मागे फिरव," तो म्हणाला. "जानेवारीतून नोव्हेंबरात. दोनच तर महिने."

"मागे फिरवायचं तर ती स्प्रिंग उचलून धरावी लागेल. एकदा निसटलीय, छत्तीस वर्षांची आहे. तुटली तर दुसरी नाही. आणि ज्या चाकाचा नकाशा आपल्याकडे नाही ते उलटं फिरवायचं नाही, असं बाबा सांगायचे."

"मग?"

"पुढेच न्यायचं. चार वर्षांचा फेरा पुरा करून परत ह्याच नोव्हेंबरात आणायचं. वाराला वेगळं बटण आहे, चंद्राला वेगळं. ते मागाहून लावता येतील. पण तारीख, महिना, वर्ष एकाच दोरीत बांधलेत."

"दिवस किती?"

"एक हजार तीनशे चौऱ्याण्णव. एक दिवस म्हणजे एक दाब."

कंडक्टरनं ताट सरकवलं. "उद्या मीही येतो. एवढा लांबचा रूट तू एकटीनं करू नये."

गुरुवारी सकाळी दोघं बसली. चिरंजीवनं तबकडी अजून चढवली नव्हती; रात्रीच्या वेळात बटण दाबायचं नाही म्हणून फक्त वेळेची, ओळखीची चाकं मागे घेऊन सकाळच्या साडेसातवर आणली होती. दर दाबाला ती स्प्रिंग जागेवर राहते की नाही ते डोळ्यांनी बघायचं होतं. बटण दाबायला लाकडी काडी घेतली, धातूनं ओरखडा उठला असता. कंडक्टरनं जुन्या तिकिटांचा एक गठ्ठा आणला होता, कशासाठी जपून ठेवला होता देव जाणे. एक महिना संपला की एक तिकीट फाडायचं असं त्यानं ठरवलं.

"चला, पुढं चला, पुढं जागा आहे," तो म्हणाला आणि तिनं पहिल्यांदा काडी दाबली.

टक. बगळा हलला. एकोणीसचे वीस झाले. घड्याळाला वाटलं, मध्यरात्र झाली.

टक. एकवीस.

जानेवारी संपला तेव्हा चकती एकच घर पुढे गेली, एकतीसवरून एकवर. फेब्रुवारी आला. चोच खोल खाचेत उतरली ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. अठ्ठावीस तारीख आली. पुढचा दाब दिला आणि चकती एका दमात चार घरं धावली, एकोणतीस, तीस, एकतीस ओलांडून एकवर जाऊन थांबली.

"अरे वा," कंडक्टर म्हणाला. "तीन स्टॉप सोडले हिनं. उतरणारं कुणी नव्हतं वाटतं."

"गप्प बसा, काडी हलते."

पण तो गप्प बसणारा नव्हता. मार्च, एप्रिल, मे, असा पुकारा करत राहिला. एप्रिलच्या शेवटी चकती दोन घरं जायची, मेच्या शेवटी एक. पहिल्या शंभर दाबांत चिरंजीवचा अंगठा दुखायला लागला, तीनशेला बधिर झाला. तिनं बोट बदललं. पहिल्या वर्षातून घड्याळ दुसऱ्यात गेलं. तिच्या हातांखाली पावसाळे निघून जात होते, सुट्ट्या निघून जात होत्या, तिचे स्वतःचे दोन वाढदिवस निघून गेले आणि तिनं ते जाताना पाहिले.

"तुमचा वाढदिवसाचा जून येतोय, दुसऱ्यांदा," ती म्हणाली.

"येऊ दे. बासष्ट पुरी होतील."

"ती मागच्या जूनला झाली. आता त्रेसष्ट."

"एवढ्या सकाळी म्हातारा केलास की मला."

पंचवीस तिकिटं फाडून झाली आणि जानेवारी उलटून पुन्हा फेब्रुवारी आला. आता तिनं त्याला जवळ बोलावलं आणि दुसरं भिंग त्याच्या डोळ्याला लावून दिलं. "ती चोच बघा. आता ती कमी उतरेल. एवढीशीच."

तो वाकला. दोघांची डोकी एकमेकांना लागली. चोच खाचेत उतरली आणि खरोखरच जरा वर थांबली. सत्तावीस. अठ्ठावीस. चिरंजीवनं काडी दाबली.

एकोणतीस.

चकती थांबली. पुढे धावली नाही. गेल्या दोन्ही फेब्रुवारींत इथूनच पळाली होती, आता शहाण्या मुलासारखी बसून राहिली. बाहेर कुणाचीतरी सायकल वाऱ्यानं पडल्याचा आवाज आला. कंडक्टरनं काहीच पुकारलं नाही. भिंग न काढताच तो हळू म्हणाला, "तिला कसं गं माहीत?"

"कुणीतरी आधी सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "एकदाच. कायमचं."

मग तिनं काडी दाबली आणि चकती तीन घरं ओलांडून मार्चात गेली.

दुपारी तीनला चौथा फेब्रुवारी गेला, अठ्ठावीसचा. मग उन्हाळा, मग जून. पावणेपाचला ऑक्टोबर संपला. शेवटचे तेरा दिवस ती फार सावकाश दाबत होती. दहा. अकरा. बारा. तेरा नोव्हेंबर, आजची तारीख, चार वर्षांचा फेरा पुरा. काडी अजून बटणावर टेकलेली होती, बोटं लाकडासारखी झालेली, आणि त्याच क्षणी टेबलावरचा फोन खणाणला. बोट दचकलं.

टक.

चौदा.

दोघांनी त्या आकड्याकडे पाहिलं. फोन वाजतच राहिला. चिरंजीवनं उचलला. चीफची मुलगी होती, धाप लागलेली. "ताई, डॉक्टरांनी आजच सोडलं. एक दिवस आधी. आम्ही गाडीत आहोत. बाबांनी दोनदा विचारलं घड्याळाचं."

फोन ठेवून चिरंजीवनं डोळ्यावरचं भिंग काढलं. उद्या आले असते तर कुणाला काही कळलंही नसतं. सकाळी चावी दिली असती, चौदा तारखेला चौदा तारीख. आता घड्याळ चीफच्याही एक दिवस पुढे जाऊन उभं होतं, आणि मागे येण्याची त्याला रीत नव्हती.

"पुन्हा फेरा मारायचा का?" कंडक्टरनं विचारलं. "एक हजार चारशे साठ."

"नको. तिच्यासारखीच चूक आता माझ्या हातून झाली, तर निदान खरी सांगू."

तिनं तबकडी चढवली, काटे सकाळच्या साडेसातवर लावले, वार आणि चंद्र जागेवर आणले. चावी दिली नाही. घड्याळ रुमालात गुंडाळून ती चीफच्या घरी निघाली. वाऱ्यानं केस तोंडावर येत होते, पण दोन्ही हात रुमालावर होते.

चीफ खिडकीशी पलंगावर बसले होते, शेजारी चार पायांची काठी. वजन उतरलं होतं, पण कपाळावरची आठी जागच्या जागी. मुलगी दारात उभी होती, रुमाल आत जाताना तिनं डोळे मिटले. चीफनी हात पुढे केला. घड्याळ घेतलं, चष्मा चढवला. एकच नजर टाकली.

"उद्याची तारीख कशाला दाखवतंय?"

मुलगी पुढे झाली. "मी बिघडवलं, बाबा. तुमच्यासाठी लावायला गेले आणि जानेवारीपर्यंत नेलं. रात्रीच्या वेळात दाबलं, बटण अडकलं. चिरंजीवताईंनी उघडून नीट केलं."

"आणि हा एक दिवस माझा आहे," चिरंजीव म्हणाली. "चार वर्षं फिरवून आणलं, शेवटच्या पायरीवर फोन वाजला आणि बोट घसरलं. उद्या सकाळपर्यंत बंद ठेवायचं, एवढाच उपाय आहे."

चीफनी घड्याळ उलटंसुलटं करून पाहिलं. मग त्यांच्या गालाचा एक कोपरा हलला.

"मी हे घेतलं त्याच आठवड्यात," ते म्हणाले, "बोटीवर, दुपारी, सगळ्यांसमोर दाखवता दाखवता अकरा दिवस पुढे नेलं. अकरा. मला वाटलं फिरून परत येईल."

मुलीनं जवळची खुर्ची ओढली आणि बसली.

"मग अकरा दिवस बंद घड्याळ मनगटावर मिरवलं. कुणी वेळ विचारली की भिंतीवर बघायचो. तुझ्या आईला बंदरावर म्हणालो, हे वेळेचं घड्याळ नाही, तारखेचं आहे. तिनं मान डोलावली. तिला कळलं असणार, ती काही खुळी नव्हती."

"आणि म्हणून मला आयुष्यभर हात लावू दिला नाहीत?"

"तुझी भीती नव्हती. माझीच होती," चीफ म्हणाले. "मला पक्कं माहीत होतं की हे कुणाच्याही हातून होऊ शकतं. चीफच्या हातूनसुद्धा." त्यांनी घड्याळ मुलीच्या हातात दिलं. "उद्या सकाळी साडेसातला चावी तू द्यायचीस. बावीस वेळा फिरवायची. तेविसाव्यांदा नाही, तुझा हात मला माहीत आहे."

तिनं घड्याळ दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं, लहानपणी पाखरू धरावं तसं. आणि मग विचारल्याशिवायच ते कानाला लावलं. बंद होतं. तरी तिनं लावून ठेवलं.

चीफ चिरंजीवकडे वळले. "चार वर्षं फिरवलंस म्हणजे एकोणतीस तारीख पाहिलीस."

"पाहिली."

"छत्तीस वर्षं घालतोय मी. नऊ वेळा आली ती. एकदाही जागा राहिलो नाही. नऊला डोळा लागतो माझा. सकाळी उठून बघावं तर ते आपलं करून बसलेलं असायचं. इंजिनं उघडली बाई मी, घराएवढी. हे कधी उघडलं नाही. आत आहे तरी काय?"

चिरंजीव पलंगाच्या कडेला टेकली. "मूठ करा," ती म्हणाली.

चीफनी मूठ केली. कातडी सैल, हाडं वर आलेली, त्यामुळे उंचवटे अगदी स्पष्ट. तिनं बोटानं दाखवायला सुरुवात केली. इथं एकतीस, इथं खड्डा, इथं एकतीस. अशा चार मुठी गोल. एक चोच येते आणि चाचपते. तीन मुठींत हा फेब्रुवारीचा खड्डा इतका खोल. चौथ्या मुठीत जरासा भरलेला. फारच थोडा. माझ्या मनात तो कानशीनं सारखा करायचं आलं होतं, चूक वाटली मला.

"चूक वाटली," चीफ हळूच म्हणाले.

"हो. हातात कानस होती."

त्यांनी मूठ डोळ्यांजवळ नेली. मग पहिल्या दोन उंचवट्यांमधला खड्डा दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दाबून पाहिला, जणू तिथं काही भरलेलं लागेल.

"पुढची कधी?" त्यांनी विचारलं.

"सव्वादोन वर्षांनी."

"सव्वादोन. तोवर हा खुबा जागेवर यायला हरकत नाही." मुलीकडे वळून म्हणाले, "त्या रात्री मला उठव. झोपलो तर पाणी मार."

"आणि शतक बदललं की ते एकदा चुकणार आहे," चिरंजीव म्हणाली. "दोन हजार शंभर साली एकोणतीस नसते. हे मात्र दाखवेल. कुणाला तरी एकदा बटण दाबावं लागेल."

"एकदाच," चीफ म्हणाले. "म्हणजे हिच्याकडे द्यायला नको ते काम."

मुलगी हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

शुक्रवारी वारा पडला होता. रस्ता झाडून काढल्यासारखा स्वच्छ, झाडं गप्प. चिरंजीवनं शटर पूर्ण वर केलं, तरीही फरशीवर पाणी शिंपडलं. आठला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. ह्या वेळी तिच्या हातात काही नव्हतं.

"बावीस वेळा दिली," चीफची मुलगी म्हणाली. "चालू झालं. बाबा मनगट पुढे करून बसलेत. बांधते आता."

चिरंजीवनं फोन ठेवला. अंगठा अजून दुखत होता. तिनं तो दुसऱ्या हातानं दोनदा चोळला. कंडक्टर टेबलावर विसरून गेला होता ती तिकिटं तिनं गोळा करून खणात टाकली. मग वर्तमानपत्रावरचं बेकरीचं घड्याळ जवळ ओढलं, तोंडावर फडकं बांधलं, ब्रश घेतला आणि पहिल्या चाकाच्या दात्यांमधला मैदा झटकायला लागली.